नारळी पौर्णिमेची मॉरिस

मोटारीला छप्पर असावं की नसावं, या प्रश्नावर मी कधी स्वतंत्र विचार केला नव्हता. स्वतंत्र विचार करण्याचं खातं आमच्या घरात माझ्या बायकोकडे, विजयाकडे आहे. पण सदुसष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, मी तिथं स्टोअरकीपर होतो, आणि डॉसन नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर माझ्या खिडकीशी नटबोल्ट घ्यायला आला असताना काखेतलं मासिक टेबलावर विसरून गेला. ते परत करण्याआधी मी उघडून पाहिलं. दुसऱ्याची वस्तू नुसती परत करावी, उघडू नये, हे मला तेव्हापासून पटलं आहे.

आत एका मोटारीचं रंगीत चित्र होतं. तिला छप्पर नव्हतं, मडगार्ड नव्हते, बॉनेट नव्हतं. इंजिन चारचौघांत उघडं पडलं होतं आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती. नाक जमिनीला टेकलेलं, मागची बाजू उंच, दोन्ही अंगांना रंगवलेल्या ज्वाळा. डॉसन मासिक न्यायला परत आला तेव्हा त्यानं सांगितलं की याला हॉट रॉड म्हणतात; त्यांच्याकडची पोरं एखादी जुनी गाडी घेतात, तिचं नको असलेलं सगळं कापून टाकतात आणि घरच्या घरी असलं काहीतरी बनवतात. मी सहज बोलून गेलो की माझ्याकडेही छत्तीस सालची मॉरिस आहे. डॉसन च्युइंगगम चघळायचा थांबला आणि म्हणाला, "मिस्टर चुरी, तुम्ही भाग्यवान आहात." स्टोअरच्या खिडकीशी येणारे लोक मला बरंच काही म्हणत, पण त्यात हा शब्द नसे. मी ते पान मागून घेतलं आणि हवेतच बोईसरला घरी आलो.

"याचा अर्थ गरम सळई," विजयानं चित्र निरखत सांगितलं. "ही गाडी अपघातातली आहे का?"

इथं एक खुलासा केला पाहिजे. मॉरिस माझी होती असं मी डॉसनला म्हणालो खरा, पण ती होती माझ्या सासऱ्यांची. डॉक्टर भगवंतराव सावे यांनी डहाणूला आयुष्यभर त्या गाडीतून पेशंट पाहिले आणि दवाखाना बंद केल्यावर ती आमच्या दारात आणून लावली. "सध्या तुमच्याकडे राहू दे," एवढंच ते म्हणाले. हे 'सध्या' माझ्या छातीवर बसलं होतं. कारण डॉक्टरांना दोन जावई. थोरली पुष्पलता पालघरच्या प्रताप राऊतांना दिलेली. प्रतापराव ओव्हरसियर, उंचपुरे, खिशात कायम मोजायची टेप, आणि पंख्याचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग कधी जाणार ते सांगणारे. माझे साडू आहेत म्हणून नव्हे, पण माणूस असह्य आहे.

वैशाखात एका लग्नाच्या पंगतीत डॉक्टरांनी जिलेबी वाढत असताना जाहीर केलं, "नारळी पौर्णिमेला मी बोईसरला येतोय. मॉरिसमधून एडवणला आशापुरी देवीच्या दर्शनाला जायचं. गाडी नीट ठेवलेली असली, तर ती दामोदररावांची. नसली, तर प्रतापराव घेऊन जातील. त्यांना यंत्राची समज आहे." सगळी पंगत माझ्याकडे वळली. मी जिलेबी नको म्हणालो, ती मला आवडत असूनही.

आता मॉरिसची परिस्थिती अशी होती की छप्पर गळत होतं, दारं सुतळीनं बांधलेली होती आणि पुढचा एक मडगार्ड वाटेत कुठंतरी उतरून गेला होता. ती चालत असे, पण फक्त सकाळी आणि फक्त उताराला. हे सगळं दुरुस्त करायचं म्हणजे मोठंच काम. पण ते अमेरिकन चित्र समोर धरल्यावर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. छप्पर गळतं, तर छप्परच नको. दारं लागत नाहीत, तर दारं नकोत. मडगार्ड एक गेला, तर उरलेले तीन काढले की झाली फिटंफाट. ज्या ज्या गोष्टी नादुरुस्त होत्या त्या त्या हॉट रॉडला मुळात लागतच नव्हत्या. इतकी सोयीची योजना मी त्याआधी कधी आखली नव्हती.

"बाबांना विचारलंत?" विजया म्हणाली.

"त्यांना चकित करायचंय."

"ते होतील," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. "पण एक सांगून ठेवते. त्या गाडीत मी लहानाची मोठी झालेय. ती प्रतापभावजींच्या दारात उभी दिसली, तर पालघरला ताईच्या घरी मी पाऊल टाकणार नाही, आणि तुमच्याशी बोलायचं की नाही तेही बघावं लागेल."

एका रविवारी मी ओळखीचा वेल्डर बोलावला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, गॅसची नळी हातात घेतली आणि विचारलं, "साब, एक बार कट गया तो कट गया. सोच लिया ना?" मी डॉसनच्या आविर्भावात अंगठा वर केला. छप्पर निघालं, मडगार्ड निघाले, आणि मग कुणी हात न लावता उरलेली बॉडी एका अंगावर कलली आणि सावकाश खाली बसली. आतल्या लाकडी चौकटीला वाळवी लागली होती. इतकी वर्षं ती गाडी छपरानं आणि काळ्या रंगानं धरून ठेवली होती. अंगणात चासी, इंजिन, चाकं आणि स्टिअरिंग एवढंच उरलं, बाकी भुसा. वेल्डर टोपी काढून उभा राहिला.

त्यानंतर आमच्या अंगणात जो सल्ला सांडला त्याला तोड नाही. तलाठी म्हणाले, चाकं बैलगाडीला बसवा, रबरी चाकांची गाडी बैलांना सुखाची जाते. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, इंजिन शाळेला द्या, मुलांना दाखवू. शेजारच्या काकूंनी चासीवर पडवळाचा मांडव छान चढेल असं सुचवलं आणि न विचारता बी टोचलंही. पालघरहून प्रतापराव आले. त्यांनी टेप काढून चासीची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ट्रकमध्ये मावेल."

मी त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही.

आपल्या हातून कायद्याबाहेर काही घडू नये म्हणून ठाण्याला जाऊन मोटारींच्या नोंदणी कचेरीत चौकशीही केली. तिथल्या गृहस्थांनी मला अतिशय आदरानं बसवलं. गाडीला छप्पर आहे का? नाही. दारं? नाहीत. मडगार्ड? नाहीत. बॉडी? करायची आहे. "मग तुमच्याकडे सध्या मोटार नाही," ते म्हणाले, "आणि जी मोटार नाही तिच्यात बदल करायची परवानगी कशी मागता?" मी म्हटलं, बॉडी बांधून आणतो. तर बांधायच्या आधी परवानगी लागते. मी त्यांना चित्र दाखवलं. ते त्यांनी शेजारच्या टेबलाला दाखवलं, त्या टेबलानं पलीकडच्या टेबलाला, आणि तासाभरानं ते सगळी कचेरी हिंडून परत आलं तेव्हा त्याच्यावर चहाचा गोल उमटला होता. "अहो, आधी बांधून तरी आणा," ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्हाला नाही म्हणता येईल."

बांधणार कोण? बोईसरचे दोन्ही सुतार कपाटं करणारे. एकानं विचारलं, खण किती ठेवू. अशा वेळी दारात जमना आली. जमना तारापूरच्या कोळीवाड्यातली, आमची रोजची मासळीवाली. तिनं पाटी उतरवली, चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाली, "ताई, आमच्या घरवाल्याला दाखवा. तो होऱ्या बांधतो. ही होरीच हाय, नुसती चाकं लावलीत."

तिचा नवरा महादू आला तो चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. होड्या बांधण्यात त्याचं नाव एडवणपर्यंत होतं. तो कागदावरून काम करत नसे, एकदा डोळ्यांत भरलं की झालं. "पुढं निमुळती, मागं उंच. समजली," तो म्हणाला. "आमी पावसाळ्यातच बांधतो. होऱ्या वर काढलेल्या असतात, हात मोकळे असतात. पुनवेला घेऊन जा. मधी मधी येऊन बोट दाखवायचं नाय."

इतक्या खात्रीनं बोलणारा माणूस मला उन्हाळाभर भेटला नव्हता. आम्ही चासी बैलांनी ओढत कोळीवाड्यात नेली आणि नारळाच्या झापांच्या मांडवात, वर काढलेल्या होड्यांच्या रांगेत उभी केली. तिच्यावरचं पडवळ काकूंनी आधी हळूच उपटून नेलं.

पुढचा सगळा पावसाळा गाडीची खबर मला मासळीबरोबर मिळाली. जमना सुके बोंबील मोजत मोजत सांगे. "आज फळ्या वाकवल्या, ताई." "आज नाळ बसवली, पुढचं नाक, म्हंजे लई झोकात." "महादू इचारतो, मानसं किती बसनार?" मी म्हटलं, चार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तो बोलतो, चार मानसांसाठी कोन बांधतं? बाराची केली." एकदा म्हणाली, "आज फटीत कापूस ठासला नि राळ भरली, थेंब आत जानार नाय." मला आनंद झाला. छप्पर नसलेल्या गाडीत थेंब वरून येईल हा विचार माझ्या मनात आला, पण बोट दाखवायचं नाही असं ठरलं होतं. मग एके दिवशी ती म्हणाली, "आता तेल पाजतात."

"कसलं तेल?" विजयानं विचारलं.

"मुशीचं. त्याच्याशिवाय लाकूड टिकत नाय."

मुशी म्हणजे शार्क मासा. विजयानं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र वर केलं.

पौर्णिमा आली. डॉक्टर सकाळच्या गाडीनं उतरले, पांढरा कोट, हातात काठी. मोतीबिंदूनं त्यांची नजर पार मंदावली होती. माणूस ओळखायला ते आवाजाची वाट बघत. दवाखाना त्यांनी वयामुळं बंद केला असं सगळे म्हणत; खरं म्हणजे गाडी एका गवताच्या गंजीत घातल्यावर दोन्ही मुलींनी किल्ली काढून घेतली होती. पुष्पलता आणि प्रतापरावही आले. प्रतापरावांनी पालघरला ट्रक सांगून ठेवला होता, ही बातमी त्यांनी मला हसतमुखानं दिली. मी सगळ्यांना टांग्यात घालून तारापूरला नेलं. वाटेत मी मनाशी एकच हिशेब करत होतो, की डॉक्टरांना नीट दिसत नाही. जावयानं सासऱ्याच्या मोतीबिंदूवर विसंबावं ही पाळी माझ्यावर आली होती.

कोळीवाडा सजला होता. खाडीच्या काठाला होड्या पताका लावून उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये, तशाच पताका लावलेली, झेंडूच्या माळा घातलेली, आमची मॉरिस होती. निदान खाली मॉरिसची चाकं होती. वर एक होडी होती. टोकदार उंच नाक, फुगीर पोट, आत आडव्या फळ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले दोन मोठे डोळे. चित्रातल्या ज्वाळा महादू विसरला नव्हता. त्यानं त्या निळ्या रंगात काढल्या होत्या आणि त्या लाटा झाल्या होत्या. वास तर असा येत होता की गावातली यच्चयावत मांजरं तिच्याखाली बसून होती.

प्रतापरावांनी खिशातली टेप काढली आणि तशीच परत ठेवली. मोजायला कुठून सुरुवात करावी हे त्यांनाही कळलं नाही.

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी हातानं गाडी बघितली. बोटं नाकावरून फिरली, डोळ्यावरून फिरली, फळ्यांच्या सांध्यांवर थांबली. त्यांनी वास घेतला. "दामोदरराव," ते म्हणाले, "ही कोण?"

"आपली मॉरिस, बाबा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग चाचपडत आत चढले, पुढच्या फळीवर बसले, आणि त्यांचे हात आपोआप स्टिअरिंगवर गेले. ते मात्र जुनंच होतं. "ही आहे," ते हळूच म्हणाले. विजयाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला फार लागलं, कारण ते कशामुळं आलं हे विचारायची मला हिंमत नव्हती.

"निघू या मग एडवणला," मी घाईनं म्हणालो. इंजिन चालू झालं नसतं तर निदान बैल तरी होते.

महादू आडवा आला. "असं कसं? नवी होरी पानी दाखवल्याबिगर कामाला जात नाय. पूजा होऊ दे, नारळ होऊ दे, पुढचं टोक पान्याला लागू दे. मग कुठं पन न्या."

"ही होडी नाही, मोटार आहे," प्रतापराव म्हणाले.

"बांधली कोनी?" महादूनं विचारलं.

विजयानं नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. डॉक्टरांना उतरायला सांगितलं तर ते म्हणाले, "माझी गाडी आहे, मी बसतो." कोळ्यांनी खांदा लावला आणि पुढची चाकं अलगद पाण्यात नेली. सगळे टाळ्या वाजवत होते. चाकं ओल्या वाळूत रुतली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पौर्णिमेचं उधाण असतं आणि भरती अजून चढायची होती, हे त्या काठावर माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाकीच्यांच्या होड्या तरंगण्यासाठीच होत्या, त्यामुळं त्यांना काळजी वाटायचं कारण नव्हतं.

एक लाट आली, मग दुसरी. पाणी मागच्या चाकांच्याही मागं गेलं आणि गाडीची मागची बाजू उचलली. मग पुढची चाकं सुटली. आणि माझ्या सासऱ्यांना घेऊन, बाराजणांच्या हिशेबानं बांधलेली मॉरिस चुरी कुटुंबाच्या डोळ्यांदेखत खाडीत निघाली.

मी उडी मारली. मला पोहता येत नाही हे मला उडी मारून झाल्यावर आठवलं. सुदैवानं पाणी कमरेएवढंच होतं, दुर्दैवानं मी त्यात आडवा पडलो होतो. कुणीतरी कॉलर धरून मला उभं केलं. ती जमना होती. "साहेब, तुमी काठाला बसा," ती म्हणाली आणि मला तिनं मासळीची पाटी ठेवावी तसं वाळूत ठेवलं. चाळीस वर्षांच्या सरकारमान्य माणसाला सगळ्या कोळीवाड्यासमोर असं ठेवण्यात आलं.

"बाबा, स्टिअरिंग डावीकडे घ्या," काठावरून प्रतापराव ओरडत होते. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, पण पाण्यात पाय घातला नव्हता.

डॉक्टरांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. चाकांखाली जमीन नसताना त्यानं काय होणार, पण भरतीची ओढ त्या बाजूची होती आणि गाडी डावीकडे वळली. त्यांनी उजवीकडे घेतलं तेव्हा ती वळली नाही, पण त्यांना ते दिसलं नाही. ते ताठ बसले होते. पांढरा कोट वाऱ्यावर फडफडत होता. मधूनच ते हॉर्न दाबत होते आणि तो वाजत होता. त्या गाडीत त्या दिवशी चालू असलेली ती एकच वस्तू.

"बुडेल ना हो," पुष्पलता रडवेली झाली होती.

"मी बांधलीय," महादू म्हणाला. त्यानं बिडी पुरी ओढली, मग दोन होड्या सोडल्या. त्यांनी दोर टाकून मॉरिसला वळसा घातला आणि ओढत काठाला आणली. इंजिनातून खारं पाणी गळत होतं. एक पताका तेवढी गेली होती.

डॉक्टर उतरले नाहीत. तसेच स्टिअरिंग धरून बसले. मी ओल्या धोतरात पुढे झालो. काय बोलायचं ते सगळं मी ठरवलं होतं: वाळवी, वेल्डर, अमेरिकन माणूस, ठाण्याची कचेरी. पण मी नुसतं धोतर पिळत राहिलो. गाडी गेली, हे मला कळून चुकलं होतं, आणि प्रतापरावांच्या दारात ती उभी दिसल्यावर विजया पालघरच्या ज्या रस्त्यानं कधी जाणार नव्हती तो रस्ताही मला दिसत होता. मला अगदी मनापासून वाईट वाटत होतं. विजया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, एवढं मात्र तिनं केलं.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात," प्रतापराव सौम्यपणानं म्हणाले. "मी ट्रक बोलावतो. इंजिन उघडून साफ करू. ही लाकडं काढून पत्र्याची बॉडी चढवू. चार महिन्यांत पहिल्यासारखी रस्त्याला लागेल."

"लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कराल, मला खात्री आहे." त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंडावरचं पाणी पुसलं. "आणि रस्त्यावर मला कोण चालवू देणार, प्रतापराव? तुम्ही देणार? या दोघी देणार?"

पुष्पलतेनं खाली पाहिलं.

"इथं धडकायला काही नाही," ते म्हणाले. "गाडी दामोदररावांकडेच राहू दे. जशी आहे तशी. आशापुरीला आपण एसटीनं जाऊ." मग ते आवाजाच्या रोखानं महादूकडे वळले. "काय हो, उद्या पाणी केव्हा चढतं?"

महादूनं खाडीकडे बघितलं. "आजच्यापरीस जराशी उशिरा, डॉक्टर. जेवून या."